मुकादमाच्या कपाटातलं आधार कार्ड

*ताई,*

*मी बीड जिल्ह्यातल्या एका गावचा. वय २८. छत्रपती संभाजीनगरला बँकेत नोकरी करतो. वडील ऊसतोडीचे मुकादम. दसरा झाला की बावीस कोयत्यांची, म्हणजे बावीस जोडप्यांची, टोळी घेऊन कोल्हापूरकडच्या एका कारखान्यावर जातात. यंदा डिसेंबरात टोळीतला एक मजूर आई वारली म्हणून गावी आला आणि नऊ दिवस झाले तरी परत गेला नाही. बायको-पोरगी तिकडेच कोपीवर, म्हणजे कारखान्याजवळच्या झोपडीत. वडील जीप घेऊन आले, त्याला घरातून उचललं आणि आमच्या शेतातल्या कडब्याच्या शेडात दोन रात्री ठेवलं. तिसऱ्या दिवशी परत कारखान्यावर नेलं. मी सुट्टीवर घरीच होतो. दुसऱ्या रात्री त्याच्यासाठी चहा घेऊन गेलो, तर तो बाजेवरून उठून खाली उकिडवा बसला. म्हणाला, "कशाला तरास घेतला, मालक." ताई, आम्ही चौथीपर्यंत एका बाकावर बसलोय.*

*खरं सांगतो, तेव्हा मला वाईट वाटलं नाही. उचल (हंगामाआधी घेतलेले आगाऊ पैसे) घेताना गोड लागते, फेडायला काय होतं, एवढंच मनात आलं. वाईट वाटलं ते आठवड्याने. बँकेत एक म्हातारा माझ्या टेबलापुढे हात जोडून उभा होता आणि मी मान वर न करता "थांबा" म्हणालो. माझा आवाज मला वडिलांसारखा ऐकू आला.*

*त्याचं आणि त्याच्या बायकोचं आधार कार्ड आमच्या कपाटात आहे, आईच्या दागिन्यांच्या डब्याखाली. त्याच्या अंगावर बासष्ट हजार बाकी आहे म्हणतात. माझे वडील वाईट नाहीत. ते स्वतः कोयत्यावर होते, आईसुद्धा. आईची गर्भपिशवी सव्विसाव्या वर्षी काढलीय. पण आता ते माणसं मोजत बसतात. बहिणीच्या लग्नात पहिली पंगत बसली तेव्हा म्हणाले, "किती कोयते बसले?" सगळे हसले. माझं शिक्षण याच पैशातून झालं. मी त्यांच्याशी कसं बोलू? का मला बोलायचा हक्कच नाही?*

*— मुकादमाचा मुलगा*

माझी धाकटी तुझ्याच वयाची आहे, म्हणून अरेतुरे करते. चालेल ना?

आधी शेडाचं बोलू, कारण ते थांबण्यासारखं नाही. बाकी सगळं घरातलं, मनातलं, सावकाश बोलण्यासारखं आहे. हे नाही. घेतलेल्या पैशापायी माणसाला दुसरीकडे जायची, दुसरं काम धरायची मोकळीक न ठेवणं याला आपल्या देशात १९७६ पासून वेठबिगारी म्हणतात आणि तो गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद होते. कायदा त्याहून पुढे जातो. वेठबिगारी ठरली की ते देणंच संपतं आणि ते वसूल करायला जाणं हा वेगळा गुन्हा होतो. माणसाला कोंडून ठेवणं तर कुठल्याही कायद्यात बसत नाही, मग उचल लाखाची असो की रुपयाची. पुन्हा कुणाला त्या शेडात आणलं तर त्याच रात्री ११२ ला फोन कर. वडिलांचं नाव आलं तरी. हे तुला जड जाईल, ठाऊक आहे. वडिलांना हे आधीच, दिवसाउजेडी, शांतपणे सांगून ठेव, म्हणजे तुझ्यावर ती रात्र येणार नाही.

आता तुझ्या पत्राकडे. ते मी तीनदा वाचलं. त्यात तुझ्या बँकेचं टेबल आहे, आईचा डबा आहे, बहिणीची पंगत आहे. त्या माणसाचं नाव मात्र कुठेच नाही. "एक मजूर", "तो". सदरात आम्ही नावं छापत नाही हे तुला माहीत होतं, मान्य. पण बदललेलं नावसुद्धा नाही. हे मी तुला टोचायला लिहीत नाही. मला ते दिसलं, कारण हाच खड्डा मी स्वतः खणला होता.

मी तीन हंगाम एका साखरशाळेवर, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या पोरांच्या शाळेत, शिकवलंय. कारखान्याच्या मागे पत्र्याची खोली, पलीकडे कोप्यांची रांग, वर चिमणीचा धूर आणि चोवीस तास मळीचा वास. पहिल्या महिन्यात मी प्रत्येक पोराचं नाव, गाव, इयत्ता लिहून काढली. मग पोरं यायची, जायची, टोळी दुसऱ्या थळावर हलली की पाच गायब, चार नवीन. डिसेंबरपर्यंत माझ्या वहीत "टायर सेंटर — ११, डोकी सेंटर — ९" एवढंच उरलं होतं. टायर म्हणजे बैलगाडीने ऊस वाहणाऱ्या टोळ्या, डोकी म्हणजे डोक्यावरून मोळ्या वाहणाऱ्या. एका मुलीला मी दोन महिने "ए टायरवाली" म्हणत होते. प्रेमानेच म्हणत होते, हे विशेष. एक दिवस खडू आणायला तिला हाक मारली तर ती उठली नाही. शेजारचीने ढोसलं तेव्हा म्हणाली, "मला वाटलं दुसरी टायरवाली." तिने ते नाव घेऊन टाकलं होतं, आणि त्यातही आपल्यासारख्या अनेक असणार हे गृहीत धरलं होतं. मी एम.ए., बी.एड. झालेली बाई, सामाजिक काम करायला म्हणून घरच्यांशी भांडून तिथे गेलेली. माझ्या हातात सत्ता ती किती? एक खडू आणि एक हजेरीवही. तेवढीही पुरली.

म्हणून "माझे वडील वाईट नाहीत" हे तू लिहितोस तेव्हा मला ते खरं वाटतं. वाईट माणसाच्या हातूनच असं घडतं असं असतं तर सोपं होतं. मुकादमाचं काम कसं चालतं हे तू घरात पाहिलंयस, मी ते वाचकांसाठी थोडक्यात सांगते. कारखान्याचा पैसा वाहतूकदारामार्फत मुकादमाकडे येतो. मुकादम स्टॅम्पपेपरवर सही करतो, पुष्कळदा कोरे चेकही देतो. तो पैसा तो पावसाळ्यातच जोडप्यांना उचल म्हणून वाटतो. नवरा-बायको मिळून एक कोयता, एकटा असेल तर अर्धा. कोयता पळाला तर वाहतूकदार मुकादमाची मान धरतो. टोळी फुटली म्हणून मुकादमालाच उचलून नेल्याच्या बातम्या आपण वाचतो. तुझे वडील रात्री टोळी मोजत असतील तर ते कुणीतरी त्यांना मोजतंय म्हणून. वरचा खालच्याला आकड्यात धरतो आणि खालचा त्याच्या खालच्याला. बावीस कोयते सांभाळायचे तर त्यातला कुणाची आई वारली, कुणाचं पोरगं तापलंय, हे कानाआड करायला शिकावं लागतं. दहा-वीस हंगाम हे केलं की ते कौशल्य घरी येताना दारात काढून ठेवता येत नाही. पंगतीत जे तोंडातून निघालं तो विनोद नव्हता, बाळा. तो माणूस आपल्या पोरीच्या लग्नातही मुकादमीतून बाहेर पडू शकला नव्हता.

आणि खालच्या बाजूला? साखरशाळेतली पोरं मधल्या सुट्टीत एक खेळ खेळायची. एक पोरगा टॉवेल खांद्यावर टाकायचा, विटेचा तुकडा कानाला लावायचा, म्हणजे झाला मुकादम. बाकीचे गवताच्या मोळ्या डोक्यावर घेऊन रांगेत. एक मुलगी बाहुली मांडीवर घेऊन म्हणाली, "मुकादम, लेकरू आजारी हाय, आज येत न्हाई." टॉवेलवाला आठ वर्षांचा. एक क्षण न घालवता म्हणाला, "खाडा मांड तिचा." मी व्हरांड्यात उभी होते. माझ्या शेजारी त्याचा बाप उभा होता, पहाटे चारपासून उसाच्या फडात राबून वाढ्याचा, म्हणजे उसाच्या शेंड्यांचा, भारा टाकायला आलेला, हातापायांवर पाचटाने ओरखडे. वाटलं, याला हे बघून कसंतरी होईल. तो हसला. कौतुकाने. म्हणाला, "बाई, ह्यो मुकादम होणार बगा."

हे चित्र मला आजही सोडत नाही. त्या बापाच्या डोळ्यापुढे सुटकेची एकच आकृती होती, टॉवेल खांद्यावर टाकलेली. मोळी वाहायची नसेल तर वाहून घ्यायची, तिसरा रस्ता त्याने पाहिलेलाच नव्हता. तुझ्या वडिलांनीही बहुधा पाहिला नव्हता. ते वर चढले, आणि वर चढून त्याच शिडीवर बसले.

आईच्या पिशवीचं तू एका ओळीत लिहिलंस आणि पुढे गेलास. मी थोडी थांबते. २०१९ साली बीडच्या ऊसतोड बायकांचा हा प्रश्न राज्यभर गाजला तेव्हा सरकारने समिती नेमली. जिल्ह्यातल्या ८२ हजारांहून जास्त बायकांची पाहणी झाली. त्यांतल्या १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. डॉक्टर लुबाडतात हे आहेच, कॅन्सरची भीती घालतात हे आहेच. पण बायका स्वतः काय सांगतात ते मी कोपीवर बसून ऐकलंय: पाळीचे दिवस म्हणजे खाडा, फडात ना आडोसा ना पाणी, मोळी तर उचलावीच लागते, मग काढून टाकलेली बरी, कटकट गेली. आपल्याच शरीराकडे मालकाच्या नजरेने बघायचं आणि कामात अडथळा आणणारा भाग काढून टाकायचा. कुणी कोयत्याची मूठ बदलावी तसं. ही नजर कुणी जबरदस्तीने डोळ्यांत बसवत नाही, ती हंगामागून हंगाम आपोआप बसते. तुझी आई त्या नजरेतून गेलीय, आणि आज तिच्या दागिन्यांच्या डब्याखाली दुसऱ्या बाईचं आधार कार्ड आहे. तिला विचार कधीतरी, वडील घरी नसताना. उत्तराची घाई करू नकोस.

एक धोक्याची सूचना मात्र देते. हे सगळं वाचून तुला वाटेल, म्हणजे सगळेच बिचारे, वडीलही आणि तोही. तसं नाही. वडिलांचं बिघडलंय ते माणूसपण, हे खरं. पण ते रात्री गादीवर झोपतात आणि तो कोपीत, मुलीला पोटाशी घेऊन. वडिलांना उद्या बदलायचं ठरवलं तर बदलता येईल, त्याला बदलायचं म्हटलं तर त्याचं आधार कार्डही जवळ नाही. दोघांचं नुकसान होतं म्हणून दोघांचा हिशोब सारखा होत नाही. वरच्याच्या दुःखाबद्दल बोलायला आपल्याकडे लोकांना फार आवडतं, कारण त्यात काही परत द्यावं लागत नाही. गावकीच्या कामासाठी वतन दिलंय, मग तक्रार कसली, असं महारांनाही पिढ्यान् पिढ्या सांगितलं गेलं. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात वतनाविरुद्ध विधेयक आणलं तेव्हा त्यांचं म्हणणं हेच होतं, की चतकोर तुकड्याच्या या बांधिलकीने माणसाची उमेद मरते. ती वतनं कायद्याने जायला १९५८ साल उजाडलं. तीस वर्षं. उचलीला तर अजून कुणी धड हातही घातलेला नाही.

म्हणून तुझ्या हातून आधी हिशोब होऊ दे, भावना मागाहून. तू बँकेतला माणूस, हे तुला जमेल. वडिलांची वही घे. रागाने नको, "बाबा, मला समजावून सांगा" म्हणून बस. उचल किती, कधी दिली, खर्ची (हंगामात खर्चाला दिलेले पैसे) किती, टनेज किती, वाढ्याचे पैसे कुणी घेतले, खाडा किती लावला. जानेवारी २०२४ च्या करारात ३४ टक्के वाढ मिळून तोडणीचा दर टनाला साधारण ३६६ रुपये झाला. एक कोयता चांगला चालला तर दिवसाला दीड-दोन टन तोडतो. म्हणजे दोन माणसांचे दिवसाचे साडेपाचशे ते सव्वासातशे. आता वहीत बघ, आईच्या मातीला गेलेल्या त्या नऊ दिवसांचा खाडा काय दराने लावलाय. पुष्कळ टोळ्यांत दिवसाला हजारही लावतात. हजार लावला असेल तर दिवसभर राबून दोघांना जे मिळत नाही ते न राबल्याबद्दल कापलंय, नऊ दिवसांचे नऊ हजार. बासष्ट हजारांची बाकी अशा किती नऊ दिवसांतून जमलीय, हे तुझ्या लक्षात येईल. वडिलांच्याही येईल. "तुम्ही लोकांना पिळता" म्हणालास तर ते उठून जातील. "हा नऊ हजारांचा आकडा कसा आला?" म्हणालास तर त्यांना उत्तर शोधावं लागेल, कारण त्यांनीही कधीकाळी असाच आकडा कुणाच्या तरी वहीत स्वतःच्या नावापुढे पाहिलेला आहे. त्या आठवणीपर्यंत त्यांना न्यायचं आहे. भाषणाने माणूस तिथे पोचत नाही.

ते चिडतील. म्हणतील, उद्या टोळी फुटली तर वाहतूकदार माझं घर विकेल, तेव्हा तू येशील का? हा प्रश्न खोटा नाही, त्याला तुझ्याकडे उत्तर हवं. तू पगारदार आहेस. एका कोयत्याची बाकी, खाडे वजा करून जी खरोखर उरेल ती, तू वडिलांना भरून दे. दान म्हणून अजिबात नाही. तुझ्या फीमध्ये या माणसांचा वाटा होता हे तू स्वतःच लिहिलंयस, तर हे परतफेडीत धर. "मला बोलायचा हक्कच नाही" असं तू म्हणतोस, त्यात मला थोडी पळवाट दिसते. ज्याने त्या पैशातून काही घेतलं नाही त्याला गप्प बसता येईल. तुला नाही येणार.

टोळीतल्या सगळ्यांची नोंदणी गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार महामंडळाकडे झालीय का, ओळखपत्रं आहेत का, पोरांना संत भगवानबाबा वसतिगृहात जागा मिळेल का, हे गावी गेलास की ग्रामसेवकाकडे विचार. कारखान्यांकडून टनामागे पैसे घ्यायचे ते याच कामासाठी. वडील मुकादम आहेत, त्यांनी शब्द टाकला तर बावीस घरांचं काम एका आठवड्यात होईल. त्यांची सत्ता कुठे वापरायची हे त्यांना कुणी दाखवलेलंच नाही. आणि तुझ्या मित्राला कायद्याची वाट धरायची असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात वकील फुकट मिळतो. हे त्याला सांगायचं काम तुझं. धरायची की नाही, हे तो ठरवेल, आणि त्याने वडिलांविरुद्ध धरली तर तू त्याला थांबवायचं नाहीस. इथे तुझी खरी परीक्षा आहे, चहा नेण्यात नाही.

बँकेतल्या म्हाताऱ्याबद्दल फार लिहीत नाही. उद्यापासून टेबलापुढे खुर्ची ठेव.

आणि ती दोन कार्डं. ती पोस्टाने पाठवू नकोस, कुणाच्या हाती देऊ नकोस. कपाटाची किल्ली आईकडे असेल तर तिलाच काढून द्यायला सांग. एक शनिवार-रविवार काढ आणि स्वतः जा. संध्याकाळी पोच, दिवसा ती दोघं फडात असतात. कोपीत खुर्ची नसेल, जमिनीवर बस. चौथीपर्यंत ज्या नावाने हाक मारायचास त्याच नावाने मार. माफी मागून मोकळा व्हायची घाई करू नकोस. तो काही बोलणार नाही कदाचित, किंवा खूप बोलेल. त्याची आई गेलीय, तिच्याबद्दल विचार. शाळेत असताना तू तिच्या हातची भाकरी खाल्लीच असशील. एक कार्ड त्याच्या हातात दे, दुसरं त्याच्या बायकोच्या, त्याच्या नव्हे. पट्टा पडायच्या, म्हणजे हंगाम संपायच्या, आत जा. ती मंडळी गावी परतली की तो पुन्हा तुमच्या दारात येईल, पुढच्या हंगामाची उचल मागायला, आणि तेव्हा पुन्हा तो खाली बसेल आणि तू वर.